नोव्हेंबर १९३८: जमावाचा उद्रेक की सरकारी कारवाई?

प्रश्न (अमळनेर): मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझी जर्मनीत ज्यूंची दुकाने आणि सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) फोडली-जाळली गेली; त्याविषयी सांगताना एका मुलीने विचारले, "बाई, लोकच चिडले असतील, तर सरकारचा काय दोष?" तिला नेमके काय सांगावे?

उत्तर (धुळे): बाई, तिला आगीच्या बंबांविषयी सांगा. नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याने त्या रात्री पोलिसांना पाठवलेल्या तारेत, सिनेगॉग जाळताना शेजारच्या इमारतींना धोका पोहोचू नये, असे बजावले होते; म्हणून बंब हजर असूनही पाणी शेजारच्या भिंतींवर पडत होते. कोठड्यांत मावतील तितक्या, विशेषतः सधन ज्यूंना अटक करा, असेही त्याच तारेत होते. सुमारे ३०,००० पुरुष डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत गेले. चिडलेला जमाव कोठड्यांची जागा मोजत नाही.

उत्तर (जळगाव): नुकसानभरपाईचेही सांगा. आपल्याकडे दुकान जळाले, तर पंचनामा होऊन दुकानदाराला विमा मिळावा, अशी अपेक्षा असते. तिथे सरकारने विम्याची रक्कम स्वतः घेतली आणि वर ज्यूंवरच एक अब्ज राइशमार्कचा (तेव्हाचे जर्मन चलन) दंड लादला. मला हा भाग सर्वांत क्रूर वाटतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्याचा तास बंबांपासूनच सुरू करते.