मदत हवी आहे: गालावरचे वांग

मैत्रिणींनो, धाकट्याच्या वेळी दिवस गेल्यापासून दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलेत, उन्हाळ्यात जास्तच काळवंडतात. सासूबाई जायफळ उगाळून देतात. मेडिकलवाल्याची ‘गोरं करणारी’ ट्यूब मात्र नको, त्यात स्टेरॉइड निघालं तर कातडी पातळ होते. डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं मलम) दिलंय, रात्रीच आणि थोडे महिनेच, शिवाय एसपीएफ ३० च्या वरचं टिंटेड (कातडीच्या रंगाची छटा असलेलं) सनस्क्रीन. त्यातलं आयर्न ऑक्साइड नुसत्या उजेडापासूनही वाचवतं म्हणे. पण राजारामपुरीपर्यंत स्कूटीवर जाईतोवर स्कार्फला निम्मं पुसतं! घामात टिकणारं कुठलं वापरता? आणि गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावर कुणाचे डाग फिके झालेत का? खरं सांगा हं.