मदत हवी आहे: हॉकीतील बचावपटूने ज्युनिअर लीग निवडावी की विद्यापीठ?

आम्ही कॅनडातील ओंटारिओत राहतो आणि आमचा पंधरा वर्षांचा मुलगा आइस हॉकीत बचावपटू आहे. त्याने ओंटारिओ हॉकी लीग या ज्युनिअर लीगमध्ये जावे की अमेरिकी विद्यापीठात पदवी घेत खेळावे, हे आम्हाला ठरवायचे आहे. ज्युनिअर लीगमधील खेळाडूंना पूर्वी बंद असलेले विद्यापीठीय स्पर्धांचे दार २०२५ पासून उघडल्याने निर्णय अधिकच अवघड झाला आहे. बचावपटू उशिरा परिपक्व होतो, असे माझे मत आहे: प्रसिद्ध स्वीडिश बचावपटू निकलास लिडस्ट्रॉमची १९८९ मध्ये व्यावसायिक लीग एनएचएलच्या नवोदित खेळाडू निवडीत (ड्राफ्ट) डेट्रॉइट संघाने निवड केली ती तिसऱ्या फेरीत, आणि त्या लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला प्रथम मिळाला तो २००१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत, त्यांनी शिक्षण, प्रवास आणि सामन्यात प्रत्यक्ष खेळायला मिळणारा वेळ यांविषयीचा अनुभव कृपया कळवावा.