देवासमोर, जसे आहोत तसे: काही अनुभव

उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या) निमित्ताने पुण्यातील निरनिराळ्या मंडळ्यांतील (चर्चमधील) बंधुभगिनींना एकच प्रश्न विचारला होता: आपला विश्वास देवासमोर खरा राहावा म्हणून आपल्याला आयुष्यात काय करावे किंवा काय सोडावे लागले? बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका, असे प्रभू येशू सांगतो. नेमक्या याच गोष्टी आपण या दिवसांत सर्वांच्या देखत करत असतो, म्हणून हा प्रश्न आताच विचारावासा वाटला. साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, शेवट गोड करून सांगण्याकडे आपला कल असतो. तसे न करता लिहावे, एवढीच विनंती होती. नावे लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

निवृत्त परिचारिका, घोरपडी

नोकरीत असताना मी कितीतरी रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर प्रार्थना केली आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द माझ्या तोंडी सहज येत असत. माझ्या यजमानांची मूत्रपिंडे निकामी झाली, डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा मात्र ते शब्द ओठांवर येईनात. घरी प्रार्थनेला येणाऱ्या भगिनी म्हणत, “बाई, स्तुती करा, मन हलके होईल.” त्यांची माया खरी होती, परंतु मनात राग साठलेला असताना तोंडाने स्तुती करणे मला देवाशी खोटे बोलण्यासारखे वाटे. एका संध्याकाळी आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, आले. त्यांनी उपदेश केला नाही. 88वे स्तोत्र वाचले आणि बायबल मिटले. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याच्या आरंभी देवाला तारणारा म्हणूनच हाक मारलेली आहे. ज्याच्यावर आपण रागावलो आहोत त्याच्यापाशीच राग बोलून दाखवणे हाही विश्वासच आहे, हे मला तेव्हा उमगले. यजमान बरे झाले नाहीत. त्यांच्या अखेरच्या दिवसांत मी देवाशी जे बोलले त्यात सौंदर्य नव्हते, पण एकही शब्द उसना नव्हता.

सहकारी बँकेतील लेखापाल, खडकी

नगर जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बोलणे बंद झाले होते आणि प्रकरण न्यायालयात गेले होते. आमच्या मंडळीत प्रभुभोजनापूर्वी (येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस घेण्याच्या विधीपूर्वी) जे आमंत्रण वाचले जाते, त्यात खरा पश्चात्ताप करणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांशी प्रीतीने राहणाऱ्यांना पुढे बोलावलेले असते. ते ऐकून मी बाकावरच बसून राहू लागलो. पास्टोरेट कमिटीचा (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा) सभासद पुढे येत नाही, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. काहींनी समजावले की, वाद व्यवहाराचा आहे, त्याचा वेदीशी काय संबंध? परंतु अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असे मत्तय 5 मध्ये प्रभूने सांगितले आहे, आणि तिथे भाऊ बरोबर आहे की चूक, याची चौकशी त्याने केलेली नाही. तो फक्त एवढेच म्हणतो की, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, हे तुला आठवले तर जा.

मी गेलो. वहिनींनी चहा दिला; दादा बराच वेळ बैलांपाशीच उभा राहिला. वाटणी अजून पूर्ण झालेली नाही आणि बांधाचा प्रश्न तसाच आहे, पण आता आम्ही एकमेकांना फोन करतो आणि आईच्या औषधांचा खर्च मिळून करतो. मी पुन्हा प्रभुभोजन घेऊ लागलो आहे. पाळकांना सर्व हकिगत सांगूनच घेऊ लागलो, कारण वाद मिटला असा समज मला पसरू द्यायचा नव्हता.

(हे अनुभव संकलित करताना हा अनुभव वाचून माझ्या मनात आले की, आपल्या मंडळ्यांत बाकावर बसून राहणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. त्याचा आदर व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.)

दृढीकरणाच्या वर्गातील शिक्षिका, गुरुवार पेठ

पंचहौद परिसरात वाढलेली आमची मुले तिसऱ्या-चौथ्या पिढीची ख्रिस्ती आहेत. गीते त्यांना पाठ असतात, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचे ठरलेले निवेदन) ती न अडखळता म्हणतात. एका मुलीने मात्र वर्गात सरळ सांगितले, “टीचर, हे सगळे आजीचे आहे, माझे आहे की नाही मला अजून माहीत नाही.” तिने दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः जाहीरपणे पत्करण्याचा विधी) पुढे ढकलण्याची परवानगी मागितली. घरी मोठा प्रसंग झाला. नातेवाईक काय म्हणतील, हीच मुख्य चिंता होती.

तिच्या आईवडिलांना मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन (विधवांसाठीची निवासी शाळा) सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. एवढे कार्य उभे करणाऱ्या या बाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला. म्हणजे हे घडले तेव्हा त्या पुण्यातच होत्या, आणि त्यांच्याकडे टीकाकारांचे व हितचिंतकांचे बारीक लक्ष होते. त्यांनी ही गोष्ट लपवली असती तर कोणालाही कळले नसते. आईवडिलांनी संमती दिली. मुलगी अजून वर्गाला येते, प्रश्न विचारते, आणि तिच्यामुळे इतर मुलेही उत्तरे पाठ करून येईनाशी झाली आहेत.

गृहिणी, वडगाव शेरी

आम्ही कॅथलिक. पापनिवेदनात (धर्मगुरूपुढे पापे कबूल करण्याच्या विधीत) मी लहानपणापासूनची तीच यादी म्हणत असे. एकदा फादरांनी मध्येच थांबवून विचारले, “यातले तुम्हाला खरोखर कशाचे दुःख होते?” मी सासूबाईंबद्दल मनात धरलेली एक गोष्ट सांगितली. यादी तेव्हापासून सुटली.

प्राध्यापक, औंध

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. स्वतःचा विश्वास खरा आहे की नाही, हे सतत तपासत राहण्याचा काळ माझ्या आयुष्यात आला होता. प्रार्थनेत डोळे भरून आले तरी हे अश्रू खरे की सवयीचे, असा प्रश्न उभा राही, आणि लक्ष देवाकडे न राहता पुन्हा माझ्याकडेच वळे. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातील परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस) मंदिरात उभा राहून स्वतःविषयीच बोलत होता. माझी तपासणीही अखेर स्वतःविषयीच होती, केवळ सूर उदास होता.

मला आधार मिळाला तो मार्काच्या नवव्या अध्यायातील बापाचा. मुलाला घेऊन आलेला तो माणूस एकाच दमात सांगतो की माझा विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाबाबत मला साहाय्य कर. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि त्याने दोन्ही सांगितली. आधी विश्वास पूर्ण करून ये, असे येशूने त्याला म्हटले नाही. त्याने मुलाला बरे केले. त्यामुळे आता मीही प्रार्थनेत दोन्ही गोष्टी सांगतो आणि त्यांतली कोणती किती आहे, हे मोजण्याचे काम देवाकडे सोडतो.