उडत्या मातीच्या चकतीवर नेम मारायला बंदूक घेताना आधी तोल बघायचा की दस्त्याचं माप?

बाराबोअर_जालना
माझं मत सांगतो, मग खुशाल भांडा. दुकानात गेलेला माणूस बिजागरीखाली, म्हणजे काडतूस भरायला बंदूक जिथं मोडते तिथं, बोट धरतो, बंदूक आडवी स्थिर राहिली की "काय तोल आहे!" म्हणतो आणि पैसे मोजतो. मीही तेच केलं. 28 इंची नळीची, हलकी, वर-खाली (एकावर एक नळ्यांची) दुनळी घेतली. ट्रॅपला, म्हणजे समोरून लांब उडत जाणाऱ्या चकत्या फोडायच्या खेळाला, उभा राहिलो तर नळी एकदम पुढं पळायची, मधेच अडायची, मग चकतीमागं धावायची. 25 पैकी 11.

बैलगाडी भरणाऱ्याला हे न सांगता कळतं. पोती मागं गेली की गाडी उलाळ होते, पुढं गेली की भार बैलांच्या मानेवर. पण गाडी सम भरली तरी पोती आसावर रचलीत की दोन्ही टोकांना, यावर वळवताना फरक पडतोच. बंदुकीचंही तसंच. नळीच्या टोकाकडं खालून 60 ग्रॅम शिसं चिकटवलं, दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या भागाच्या) पोकळीत 110-एक ग्रॅम, कारण ती जागा बिजागरीच्या जवळ पडते. बोटावरचा तोल होता तिथंच राहिला, पण सुरू झालेली नळी आता थांबत नाही. म्हणून नवख्यानं 30 किंवा 32 इंचीच घ्यावी, साडेतीन किलोच्या वरची.

गोदाकाठची_नेमबाज
दादा, दुखणं गालाचं आणि लेप नळीला. तुम्ही गाल उचलून चकती बघत असणार, म्हणून नळी अडायची. शॉटगनला, म्हणजे आपल्या छऱ्यांच्या बंदुकीला, नेम धरायची मागची साइट नसते, आपला डोळाच मागची साइट. दस्त्याची उंची चुकली की डोळा चुकला, मग वजन कुठंही लावा.

ट्रॅपची चकती चढत जाते, म्हणून ट्रॅपच्या बंदुकीचा मार मुद्दाम थोडा वर ठेवतात, साधारण साठ-चाळीस, म्हणजे साठ टक्के छरे नेमाच्या वर. तुमचा कुठं बसतो ते कागदावर मारून पाहिलंत का? आणि त्याही आधी: समोरच्या लिंबाच्या झाडावर बोट धरा, एकेक डोळा मिटून बघा. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा जोरकस असेल तर तुमचं शिसं बिचारं काय करणार?

अजून एक. मे महिन्यात पातळ शर्टावर दस्ता मापून घेतला आणि डिसेंबरात दिल्लीला स्वेटरवर जाकीट चढवून उभी राहिले. बंदूक काखेत अडकायली. मापच बदललं होतं.

तेरणेचा_म्हातारा
पोरांनो, लई शास्त्र करायलात. आमच्या आजोबांची आडवी दुनळी, दोन ट्रिगरची, तीन किलोच्या आतली. पिकातली रानडुकरं हुसकायला बार काढायचे, तोल-बिल कुणी विचारला नाही. हाताला सवय पाहिजे. मी त्याच बंदुकीनं चकत्या फोडल्यात.

बाराबोअर_जालना
काका, किती फोडल्यात ते नाही सांगितलं! वर-खाली बंदुकीत आधी खालची नळी उडते, धक्का सरळ खांद्यात येतो, टोक कमी उचलतं. प्राथमिक फेरीत एका चकतीला दोन गोळ्या चालतात, तिथं दुसरी लवकर लागते. शिवाय हलक्या बंदुकीनं 24 ग्रॅमच्या सव्वाशे काडतुसांचा धक्का खाऊन बघा, संध्याकाळी भाकरी मोडता येणार नाही.

तेरणेचा_म्हातारा
सहा फोडल्या. पण पंधरापैकीच मारल्या होत्या. काडतुसं संपली.

लातूरचा_नवखा
माझी अडचण वेगळी. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर साध्या परवान्यावर दोनच हत्यारं. घरात आजोबांची एक आहे, ती विकू म्हटलं तर आजी जेवत नाही. म्हणजे मला एकदाच निवडायचंय. ट्रॅपला 32 इंची घेतली आणि उद्या स्कीट (चकत्यांचाच दुसरा खेळ) आवडलं तर?

गोदाकाठची_नेमबाज
मग दस्त्यावरची गाल टेकवायची पट्टी वर-खाली होते तशी घे, 30 इंची. स्कीटला आडव्या चकत्या असतात, तिथं वरचा मार नडतो. पट्टी खाली केली की भागतं. चोकही (नळीच्या टोकाचं आवळण) बदलता येणारे घे, स्कीटला मोकळे लागतात. लांबीसाठी हट्ट करू नको. आणि कुणाची तरी बंदूक मागून घेऊन 50 काडतुसं मारल्याशिवाय पैसे देऊ नको.

बाराबोअर_जालना
पट्टीचं पटलं. 30 बद्दल नाही पटलं. नवख्याचा हात घाईचा असतो, लांब नळी त्याला आवरते.

गोदाकाठची_नेमबाज
आवरते तशी उशीरही करते. उंच आणि भरल्या हाताच्या माणसाला 32 ठीक. माझ्यासारखी पाच फुटाची बाई ती शंभर चकत्या उचलून बघू दे, शेवटच्या 25 ला नळी आपोआप खाली झुकते. बाकी तुम्ही त्या झाडाचं उत्तर दिलंच नाही.

बाराबोअर_जालना
बघितलं आत्ता. डावा निघाला.

तेरणेचा_म्हातारा
हाहा. शिसं काढ आता.

बाराबोअर_जालना
शिसं राहणार काका. चष्म्याच्या डाव्या काचेवर टेपचा तुकडा लावतो आधी.

लातूरचा_नवखा
ते शिसं कुठं मिळालं पण? चाकाला लावतात तेच का? टायरवाला सुटं देतो, का अख्खी पट्टी घ्यावी लागते?