वर्ग संपल्यावर मुलांचे लिखाण कुठे जाते? बंद क्लासरूम की खुले व्यासपीठ

मोइनाची_बरणी

एका प्राध्यापकांनी काल येथे लिहिले की महाविद्यालयाने विकत घेतलेली क्लासरूम प्रणाली पुरेशी आहे, कारण हजेरी, टिपणे, असाइनमेंट आणि गुण एकाच जागी मिळतात. त्यांच्या मते खुल्या व्यासपीठांचा आग्रह हा हौशी लोकांनी मांडलेला पसारा आहे. हे वाचून मला राग आला आणि त्याचे उत्तर दोन ओळींत मावत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडे सहा वर्षे एक सशुल्क प्रणाली होती. करार संपला, दुसरी प्रणाली आली आणि जुन्या वर्गखोल्या एका रात्रीत बंद झाल्या. माझ्या टिपणांची प्रत माझ्याजवळ होती. मात्र मुलांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न आणि एकीने दुसरीसाठी तीनदा खोडून पुन्हा काढलेली पेशीविभाजनाची आकृती यांची प्रत कोणाहीकडे नव्हती. मुलांचे लिखाण जपून ठेवण्याजोगे असते, हे कराराच्या वेळी कोणाच्या मनातही आले नव्हते.

याच्या उलट अनुभव मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या मेटास्टुडिओ या खुल्या व्यासपीठावर आला. तेथे क्यूब या जीवशास्त्राच्या सामूहिक उपक्रमातले विद्यार्थी आपले प्रयोग सर्वांना दिसतील असे लिहितात. माझ्या एका विद्यार्थिनीने होस्टेलच्या खिडकीत, कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत मोइना हे गोड्या पाण्यातले बारीक जीव वाढवायला घेतले. तिसऱ्या दिवशी सगळे तळाशी मरून पडले. तिने तोच फोटो टाकला. तिने कधीही न पाहिलेल्या, दुसऱ्या राज्यातल्या एका मुलाने विचारले की पाणी थेट नळाचे घेतले होते का, आणि दुधाचे थेंब किती घातले. क्लोरीन उडून जावे म्हणून पाणी उघड्या बादलीत ठेवायचे असते आणि दूध जास्त झाले की पाणी नासते, हे तिला त्या दोन प्रश्नांतून उमगले. पुढच्या वर्षीच्या मुलांनी बाटली भरण्याआधी तिची ती फसलेली नोंद वाचली. बंद खोलीत ती नोंद शेवटच्या परीक्षेबरोबरच संपली असती.

ऑप्टिक्स_सर

'पसारा' हा शब्द माझाच आणि तो मी मागे घेत नाही.

मॅडम, आपली विद्यार्थिनी पदवीची आहे. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. एका तुकडीत एकशेवीस मुले आणि त्यांतली बहुतेक अठरा वर्षांखालची. चार वर्षांपूर्वी मीही खुला प्रयोग केला होता. वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने अपवर्तनावरचे उत्तर आपल्या बोलीत, मोडक्या वाक्यांत, पण विचार पूर्णपणे बरोबर ठेवून लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या उत्तराचा स्क्रीनशॉट मुलांच्या गटांमध्ये हसण्यासाठी फिरत होता. तिने त्यानंतर वर्षभर लेखी सोडा, तोंडीसुद्धा प्रश्न विचारला नाही. तिचे आईवडील मला भेटायला आले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. आपल्याला जी बंद खोली वाटते, ती भिंत माझ्या दृष्टीने मुलांचा आडोसा आहे.

मोइनाची_बरणी

सर, त्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटले. नाव न देता टोपणनावाने लिहिण्याची सोय हवी, हे मला मान्य आहे. मात्र स्क्रीनशॉट बंद वर्गातूनही निघतो. ते उत्तर हसण्यासाठी बाहेर नेणारे तिच्याच तुकडीतले होते, खुल्या जगातले कोणी अनोळखी नव्हते.

तळघरातला_सर्व्हर

दोघेही असे बोलता आहात की जणू प्रणाली आपोआप चालते. आमच्या महाविद्यालयाचे मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवणारे सॉफ्टवेअर, मी सांभाळतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुजियामस यांनी 2002 मध्ये त्याची पहिली आवृत्ती दिली, त्याचा कोड खुला आहे, ते फुकट उतरवता येते, हे सगळे खरे. पण दिवाळीच्या सुट्टीत डिस्क भरली, तेव्हा गावाहून एसटीने परत यावे लागले ते मला. बॅकअप घेणारा एकच माणूस असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर खुली प्रणालीही सशुल्क प्रणालीइतक्याच सहज मरते.

आणखी एक. कोड खुला असला म्हणजे माहिती सुरक्षित राहते, हा भ्रम सोडावा. केंद्र सरकारची दीक्षा ही शालेय शिक्षणाची प्रणाली सनबर्ड या खुल्या कोडवर उभी आहे, तरीही तिच्यावरची लाखो शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित ठेवलेल्या साठ्यातून उघडी पडल्याचे 2023 च्या जानेवारीत समोर आले.

तरीही मी मूडलच निवडेन, कारण त्यातून अभ्यासक्रमाची संपूर्ण फाइल बाहेर काढता येते आणि दुसऱ्या मूडलमध्ये बसवता येते. 'फुकट'वर विसंबून चालत नाही. गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेला सामायिक 100 टेराबाइटची मर्यादा घातली, तेव्हा अनेकांची धावपळ झाली.

चाकण_रात्रपाळी

मी शिक्षक नाही. डिप्लोमा करून एमआयडीसीत लागलो आणि लिनक्स शिकलो ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवरून, मराठी निवेदन ऐकत. पडद्याच्या एका अर्ध्या भागात ट्युटोरियल, दुसऱ्या अर्ध्यात टर्मिनल. थोडे ऐकायचे, थांबवायचे, तेच करून बघायचे. पहाटे साडेचारला चहाच्या सुट्टीत मला कोणी प्रवेश अर्ज मागितला नाही की कॉलेजचा ईमेल विचारला नाही. ऑप्टिक्स सरांच्या भिंतीआड मी कधीच पोहोचलो नसतो. तो आडोसा ज्यांना आत घेतो त्यांच्यासाठी चांगला असेल. आम्ही त्याच्या बाहेरच राहतो.

ऑप्टिक्स_सर

आपल्या कष्टांबद्दल आदर आहे. पण आपण सांगता आहात ते खुले साहित्य, आणि मॅडम मागतात ती मुलांच्या लिखाणाची खुली जागा. या दोन गोष्टींची गल्लत नको. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ स्वयम् 2017 पासून आहे, आयआयटींचे एनपीटीईएल त्याच्याही आधीपासून आहे; ते मुलांना सुचवणाऱ्यांत मीही आहे. तेथेही प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून, केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. म्हणजे शेवटी बंद खोलीच.

आणि खुल्या साहित्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. प्रकाशाच्या व्यतिकरणावरची माझी टिपणे मी विश्वासाने सर्वांसाठी ठेवली होती. वर्षभरात शेजारच्या शहरातल्या एका खाजगी क्लासने त्यांची पुस्तिका छापून अडीचशे रुपयांना विकली. आकृत्या माझ्याच हातच्या होत्या. एका आकृतीत मी दोन फटींमधले अंतर चुकीचे दाखवले होते, ती चूकसुद्धा जशीच्या तशी छापली होती. फक्त माझे नाव काढले होते. त्या दिवसापासून सगळे कुलपात.

वकील_पालक

सरांनी टिपणांवर कोणताही परवाना लिहिला नव्हता, असे दिसते. परवाना नसेल तर हक्क राखीवच असतात, नोंदणी लागत नाही. त्या क्लासला नोटीस पाठवता आली असती. श्रेयासह आणि त्याच अटींवर वाटण्याचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना एनपीटीईएल वापरते. त्यात विक्रीला मनाई नसते, पण नाव काढता येत नाही. विक्रीच नको असेल तर अव्यावसायिक वापराची अट जोडता येते.

मात्र एक कटू बाब सांगतो. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 17 नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा ठरतो.

ऑप्टिक्स_सर

म्हणजे एकवीस वर्षे रात्री जागून, स्वतःच्या घरच्या दिव्याखाली काढलेल्या आकृत्यांचा मालक आमचा संस्थाचालक? ज्यांनी आजवर वर्गात एक चांगला फळा बसवून दिला नाही, ते? हे मी मान्य करणार नाही, कायदा काहीही म्हणो.

वकील_पालक

रागावण्यापूर्वी 'नोकरीचा भाग म्हणून' हे शब्द परत वाचावेत. घरी, स्वतःच्या वेळात केलेले काम त्यात येते की नाही, यावर वाद घालता येतो आणि तो नेमणूकपत्रातल्या अटींवर बराचसा ठरतो. माझा सल्ला इतकाच, की आपले नेमणूकपत्र काढून पाहावे. बहुतेक शिक्षकांनी ते सही केल्यानंतर उघडलेले नसते.

तळघरातला_सर्व्हर

माझ्या नेमणूकपत्रात यावर एक ओळही नाही; आत्ताच पाहिले. आता विचार करतो आहे की मूडलला जोडायला मी लिहिलेले प्लगइन कोणाचे.

मोइनाची_बरणी

सर, आपले नाव काढून छापणे ही चोरी आहे आणि तिचा मला आपल्याइतकाच संताप येतो. पण कुलपाने आपल्याला काय मिळाले? त्या क्लासकडे पुस्तिका आहेच. टिपणे गेली ती चाकणच्या या भाऊंसारख्यांपासून. आपल्या टिपणांची तारीख असलेली खुली प्रत जागेवर राहिली असती, तर मूळ कोणाचे हे कोणीही दाखवू शकले असते.

आणि मालकीबद्दल आपण सगळे इतके पोटतिडकीने बोललो, पण मुलांच्या लिखाणाच्या मालकीबद्दल कोणी बोलले नाही. ती नोकरदार नाहीत. माझ्या विद्यार्थिनीची नोंद तिची आहे. करार संपताना ती तिच्या हातात देण्याची जबाबदारी कोणाची?

ऑप्टिक्स_सर

नोंद विद्यार्थ्याच्या हातात मिळाली पाहिजे, यावर माझा विरोध नाही, सुरुवातीपासून नव्हता. त्यासाठी ती जगाला दाखवलीच पाहिजे, हे मला अजूनही पटलेले नाही.

मोइनाची_बरणी

दाखवायची की नाही, हे लिहिणाऱ्याला ठरवू द्यावे. आज तो पर्याय तिच्यापुढे नसतोच. भिंत आधीच बांधलेली असते.

ऑप्टिक्स_सर

मग माझ्या अटी लिहून ठेवतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचे लिखाण टोपणनावाने आणि पालकांच्या संमतीनंतरच. उत्तर बाहेर जाण्यापूर्वी आधी तुकडीत, शिक्षकासमोर वाचले जावे. कोणी हसले तर त्याची जबाबदारी शिक्षकाने घ्यावी, व्यासपीठाने नव्हे. या तीन गोष्टी होणार असतील तर व्यतिकरणाची चार प्रकरणे परवान्यासह खुली करतो, फटींचे अंतर दुरुस्त करून. नेमणूकपत्र मात्र आधी शोधतो.

चाकण_रात्रपाळी

सर, प्रकरणे टाकलीत की येथे कळवा. पुढच्या आठवड्यात माझी पुन्हा रात्रपाळी आहे.