फोरहँड : चेंडू नेमका कुठे गाठावा

टेनिसमध्ये फोरहँड (खेळण्याच्या हाताच्या बाजूने, तळवा पुढे ठेवून मारलेला फटका) उशिरा लागतो अशी तक्रार केली, की हलकी रॅकेट घ्यावी असा सल्ला मिळतो; तो मला घाईचा वाटतो. चेंडू पुढच्या पायाच्या किंचित पुढे गाठायचा असेल, तर खांदे टप्पा पडण्याआधीच वळलेले हवेत. आपल्यापैकी बरेच जण टप्पा पाहून मग वळतात आणि चेंडू अंगाशी येतो. सेमी-वेस्टर्न पकडीत (तळवा मुठीच्या थोडा खालच्या बाजूला) चेंडू गाठण्याचा हा बिंदू ईस्टर्न पकडीपेक्षा (हस्तांदोलनासारखी, तळवा मुठीच्या मागे) आणखी पुढे व थोडा वर असतो. नागपुरात मे महिन्यात तापलेला चेंडू अधिक उसळतो (संध्याकाळीही कोर्ट भाजतच असते), तेव्हा अर्धे पाऊल मागे उभे राहावे. सरावासाठी जोडीदाराने टाकलेला चेंडू रॅकेटशिवाय, खेळण्याच्या हाताने शरीरापुढे झेलून पाहावा. झेलताना कोपर बरगडीला चिकटले, तर उशीर झालाच म्हणून समजावे.