मित्रमैत्रिणींनी शिकवलेल्या रोजच्या युक्त्या: कंप्युटर, कपडे, काहीही

भडंगप्रेमी
आज ऑफिसात एका नव्या मुलीचा पीसी सुरूच होईना. बटण दाबलं की नुसत्या बीप आणि स्क्रीन काळी. मेन्टेनन्सवाल्या दादांनी डबा उघडला, रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवर साधं खोडरबर फिरवलं आणि दोन्ही बाजूंनी खटका लागेपर्यंत परत दाबून बसवली. झाला सुरू!

मला एकदम सांगलीच्या होस्टेलमधली रूममेट आठवली. विंडोज 98 चे दिवस, अख्ख्या मजल्यावर एकच असेंबल केलेलं मशीन. पावसाळ्यात ते रुसलं की ही कंपासपेटीतून खोडरबर काढायची. आधी प्लग काढायचा, मग लोखंडी कपाटाला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाते, मगच रॅमला बोट लावायचं. क्रम चुकू द्यायची नाही.

आणि साडी डेला अख्ख्या मजल्याच्या निऱ्याही हीच घालून द्यायची. "आधी सॅन्डल घाल, मग निऱ्या." टाचेची उंची धरूनच साडीची उंची ठरते, नाहीतर घोळ वर राहतो. आजही मी सॅन्डल घालूनच साडी नेसायला उभी राहते. तुम्हाला कोणी काय शिकवलं ते लिहा ना.

खिडकीजवळ
खोडरबर!! आमच्याकडेही हाच इलाज. फक्त शाईचं खरखरीत नको हं, पांढरं मऊ घ्या. आणि चुरा तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. कोरड्या ब्रशने झाडा. कुकर लावलाय, येते परत.

निवृत्त_नाना
आमच्या पीसीची तारीख रोज मागे जायची. एकही वेबसाइट उघडेना, 'कनेक्शन सुरक्षित नाही' एवढंच. इंटरनेटवाला म्हणाला राउटर बदला. माझा बँकेतला मित्र संध्याकाळी फिरायला न्यायला यायचा, त्याने बघितलं आणि म्हणाला, राउटर राहू दे, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर 2032, 3 व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. आपल्या मशीनची तारीख त्याच्या बाहेर गेली की ब्राउझर अडवतो. सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरळीत. मग आम्ही नेहमीसारखे टेकडीवर गेलो.
गेल्या मार्चमध्ये तो गेला. टेकडीवर अजून जातो मी.

खिडकीजवळ
नाना, वाचून गलबललं. टेकडी सोडू नका.

वरणफळं
नाना, माझे बाबाही असेच एका मित्राबरोबर रोज जायचे. नमस्कार तुम्हाला.

पुणे_ते_चेन्नई
कपड्यांचं सांगते. मी तमिळ, सासर मराठी. पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी काळी साडी आणली तेव्हा धस्स झालं, आमच्याकडे नव्या सुनेला सणाला काळं कुणी देणार नाही. शेजारच्या मैत्रिणीने समजावलं की संक्रांत थंडीतली, काळा रंग ऊब धरतो, म्हणून हा एक सण काळ्याचा. मग हलव्याचे दागिनेही तिनेच घातले माझ्या अंगावर. आता मी चेन्नईतल्या मराठी मैत्रिणींना काळ्या साडीवर हळदीकुंकवाला बोलावते.

वरणफळं
किती गोड! हलवा घरी करता की विकतचा? माझ्या हलव्याला काटा येतच नाही.

पुणे_ते_चेन्नई
विकतचा गं, पुण्याहून येतो.

गावठी_आंबा
निऱ्या बरोबर कसं टाइप केलंत? मला लॅपटॉपवर निर्या येतं.

भडंगप्रेमी
इनस्क्रिप्ट म्हणजे मराठी टायपिंगचा कीबोर्ड, त्यात शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. वाऱ्यावर, दऱ्या, तऱ्हा सगळं येईल. हेसुद्धा त्याच रूममेटने फोनवर सांगितलेलं.

गावठी_आंबा
आलं! निऱ्या निऱ्या निऱ्या. इतकी वर्षं दुसरीकडून कॉपी करत होतो.

ठाणेकर_7_48
कॅम्पस इंटरव्ह्यूला चाललेलो, टाय कुणालाच बांधता येईना. एका मित्राने ठाणे ते दादर गर्दीत उभं राहून सगळ्यांचे बांधून दिले. टोक पट्ट्याच्या बकलपर्यंत, ना वर ना खाली. कोटाचं सगळ्यात खालचं बटण उघडं, बसताना सगळी उघडी. त्याला स्वतःला त्या दिवशी नोकरी लागली नाही, तरी आमच्या पेढ्यांना तो सर्वात आधी हजर. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

कोथिंबीर_वडी
पैठणीबद्दल पण लिहा कुणीतरी. माझी मैत्रीण सांगते, मलमलच्या कापडात ठेवायची, अधूनमधून घडी बदलायची, नाहीतर घडीवर जर तुटते. डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही. अत्तर साडीवर मारायचं नाही, आधी मनगटाला लावायचं, मग नेसायचं.

सायंतारा
थोडं वेगळं लिहिते. आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये प्रत्येक भेटीला रंग ठरायचा. एकदा जांभळा ठरला आणि एक मैत्रीण आलीच नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली, जांभळं काही नव्हतं, आणि विकत घेणं शक्य नव्हतं. हे आम्हाला कळलं दुसरीकडून. तेव्हापासून रंग बंद, ज्याला जे बरं वाटेल ते. मला मनापासून वाटतं, भेटीला यायला कुणाला कपाट उघडून घाबरावं लागू नये. फोटो एकसारखे नाही आले तरी चालतील, माणसं सगळी हवीत.

खिडकीजवळ
सायंतारा, अगदी. आमच्या ग्रुपवर पाठवू का हे?

सायंतारा
पाठव ना.

ठाणेकर_7_48
चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल शिफ्ट टी. आत्ताच वापरलं, नाहीतर वरचं सगळं परत लिहावं लागलं असतं.

वरणफळं
नाना, आमच्याही जुन्या पीसीची तारीख मागे जातेय, तो सेल निघतो कसा? घट्ट बसलाय.

निवृत्त_नाना
आधी प्लग काढा. सेलच्या कडेला पत्र्याची बारीक पट्टी असते, ती हलकेच बाहेर ढकला, सेल आपोआप वर उचलला जातो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. नंतर तारीख-वेळ लावून घ्या. अडलं तर इथेच लिहा, मी रात्री दहापर्यंत जागा असतो.